एएची पहिली मीटिंग: पत्ता शोधण्यापासून खुर्चीत बसेपर्यंत

दारू सोडायचं बहुतेकांचं सकाळी ठरतं. तोंड कडू झालेलं असतं, हात थरथरत असतात, रात्री घरात काय झालं ते अर्धवट आठवत असतं आणि मनात पक्कं होतं की आता बास. संध्याकाळी सहा वाजले की तेच मन वकिली करायला लागतं: आजचा दिवस होऊ दे, उद्यापासून नक्की. एए म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची, एकमेकांच्या आधाराने चालणारी संघटना; तिच्या बऱ्याचशा मीटिंगा संध्याकाळी सातच्या आसपास असतात. म्हणून या लेखातलं सगळं एकाच कामासाठी आहे: सकाळी ठरलेलं संध्याकाळपर्यंत टिकवायचं आणि शक्यतो त्याच दिवशी मीटिंगच्या खुर्चीत जाऊन बसायचं.

‘आधी चार दिवस स्वतःच बंद करून बघतो, जमलं नाही तर जातो’ हा बेत सहसा फसतो. मीटिंगला जाण्यासाठी दारू आधी सुटलेली असावी लागत नाही. सोडायची इच्छा असली की झालं. एएच्या सभासदत्वाची अट तेवढी एकच आहे. श्रावणात महिनाभर बंद ठेवता येते, म्हणजे आपल्याला व्यसन नाही, असं अनेकांना वाटतं. गटारीला भरपूर पिऊन मग श्रावण कडक पाळणारा माणूस श्रावण संपायची तारीख मोजत असेल, तर त्यालाही हा लेख लागू आहे.

आधी शरीराचं बघा

मीटिंग शोधण्याच्या आधी एक गोष्ट, कारण इथे चूक झाली तर जीव जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याने, त्यातही सकाळी हात स्थिर व्हायला ज्याला दोन घोट घ्यावे लागतात त्याने, डॉक्टरांशिवाय एकदम दारू बंद करू नये. शेवटचा पेला घेतल्यावर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड आणि झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी बोलतंय असं ऐकू येतं, ताप चढतो, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. याला ‘भूतबाधा’ समजून भगताकडे नेण्यात वेळ घालवू नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. ज्याला पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली आहे, त्याने भरती होऊनच सोडावी.

डॉक्टरांना आकडा खरा सांगा. ‘थोडीशी घेतो’ यातून त्यांना काहीच कळत नाही. ‘रोज दोन क्वार्टर, सहा वर्षं, आज सकाळी नाइन्टी घेतली’ असं सांगितलं की औषधाची मात्रा ठरवता येते. हातभट्टीची किंवा ताडी असेल तर किती ग्लास ते सांगा. गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घरी पाठवायची पद्धत आहे. पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेलं असतं आणि ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. ‘थायमिन देणार ना?’ एवढं विचारायला लाजू नका.

जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केस पेपर काढून त्या ओपीडीत गेलं की हे उपचार तिथे होतात. औषधं चालू असताना संध्याकाळी मीटिंगला जाता येतं. दोन्ही एकदम सुरू केलेलं बरं.

कोणती मीटिंग कशासाठी

एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. पहिल्याने काही महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती, दुसरा अजून पीत होता. एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी खरं बोललं की पिण्याची ओढ आवरता येते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. भारतात एए १९५७ पासून आहे. इथे डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो, फी नसते, फॉर्म नसतो. समोर बसलेला प्रत्येक जण तुमच्यासारखाच असतो, कोणी पंचवीस वर्षं सुटलेला तर कोणी कालपर्यंत प्यालेला.

दुसरा प्रकार म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाठपुरावा बैठका. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. तिथून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी वेगवेगळ्या गावांत अशा बैठका होतात आणि केंद्रातली मंडळी त्यांना ‘फॉलोअप’च म्हणतात. तिथे समुपदेशक असतो आणि चर्चा अधिक मार्गदर्शनाच्या अंगाने होते. ज्याने केंद्रात उपचार घेतलेत त्याने फॉलोअप चुकवू नये, आणि एएही करावं. दोन्हीमध्ये भांडण नाही. केंद्रांमधूनच लोकांना एएकडे पाठवलं जातं.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे. ही वेगळी संस्था, १९५१ साली स्थापन झालेली. तिच्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

माळ घातली आहे, आळंदीला जाऊन शपथ घेतली आहे, मग मीटिंग कशाला, असा प्रश्न येतो. माळेने खरोखर सुटलेली माणसं गावोगाव आहेत. पण शपथ घेतल्यावर नवव्या दिवशी रात्री अकरा वाजता तलफ आली तर फोन कोणाला करायचा, याचं उत्तर शपथेत नसतं. ते मीटिंगमध्ये मिळतं. माळ गळ्यात ठेवून मीटिंगला या.

पत्ता मिळवायचा आणि खात्री करायची

एएच्या मीटिंगचे पत्ते नेटवर सापडतात, आणि गोची तिथेच होते. यादी दोन-तीन वर्षं जुनी असते. शाळेने खोली काढून घेतलेली असते, वार बदललेला असतो, समूह दुसऱ्या मंदिरात गेलेला असतो. नवखा माणूस कसाबसा मन घट्ट करून जातो, कुलूप बघतो आणि परतीच्या वाटेवर वाईन शॉप लागतं. म्हणून नियम एकच: यादीवरून पत्ता घ्यायचा, पण त्याच दिवशी फोनवर खात्री केल्याशिवाय निघायचं नाही.

सुरुवात एएच्या भारतातल्या जनरल सर्व्हिस ऑफिसच्या संकेतस्थळापासून करा. हे कार्यालय मुंबईत आहे. संकेतस्थळावर शहरानुसार संपर्क क्रमांक मिळतात. नेट वापरता येत नसेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत क्रमांक आहे. जवळचं केंद्र कुठे आहे ते तिथे विचारता येतं. मन फारच सैरभैर झालं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. याशिवाय मानसोपचार ओपीडीतले समाजसेवक, ख्रिस्ती पॅरिशची कार्यालयं (मुंबई, वसई आणि गोव्यात बऱ्याच मीटिंगा चर्चच्या आवारातच भरतात) आणि जवळचं व्यसनमुक्ती केंद्र यांच्याकडे स्थानिक समूहाचा ताजा नंबर असतो.

फोन स्वतः करा. बायकोने किंवा भावाने केला तर पलीकडचा माणूस आदराने ऐकून घेईल, पण शेवटी ‘त्यांना स्वतःला बोलायला सांगा’ असंच म्हणेल. त्यात हेटाळणी नसते. दुसऱ्याने ठरवून कोणाची दारू सुटत नाही, हे त्याने पाहिलेलं असतं. काय बोलायचं ते सुचत नसेल तर एवढंच म्हणा: ‘नमस्कार. मला दारूचा त्रास आहे. आज मीटिंगला यायचं आहे. मी पहिल्यांदाच येतोय.’ ‘पहिल्यांदाच’ हा शब्द महत्त्वाचा. तो ऐकला की पलीकडचा माणूस पत्ता सांगून थांबत नाही. बहुतेक वेळा ‘मी गेटपाशी उभा राहतो’ असं म्हणतो.

मग ही पाच उत्तरं कागदावर लिहून घ्या:

१. आज मीटिंग नक्की आहे का, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपते.
२. इमारतीचं नाव, कुठलं गेट, कितवा मजला, खोली नंबर. ‘शाळेत’ एवढ्यावर समाधान मानू नका; महापालिकेच्या शाळेला तीन दरवाजे असतात आणि संध्याकाळी त्यातला एकच उघडा असतो.
३. मीटिंग कुठल्या भाषेत चालते. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कोकणी असे वेगवेगळे समूह सापडतात.
४. मीटिंग ओपन आहे की क्लोज. क्लोज म्हणजे फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. ओपनला घरचं माणूस सोबत नेता येतं.
५. गेटवर कोणाला फोन करायचा.

परीक्षांचे दिवस, निवडणुका आणि मुंबईतला तुंबलेला पाऊस यांत शाळेतल्या खोल्या हमखास अडतात. मतदानाच्या दिवशी तीच खोली मतदान केंद्र असते. अशा दिवशी दुपारी चारला पुन्हा एकदा फोन लावा.

ओळखीचं कोणी भेटेल ही भीती खरी आहे, लहान गावात जास्तच. तिच्यावर दोन उपाय. दोन स्टेशनं पुढची किंवा शेजारच्या तालुक्यातली मीटिंग धरा. आणि हे लक्षात घ्या, की तिथे जो ओळखीचा भेटेल तोही त्याच कारणाने आलेला असेल. आडनाव कोणी विचारत नाही, नोकरी विचारत नाही, हजेरीपट नसतो. खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं, हा दंडक आहे. कंपनीने किंवा कोर्टाने हजेरीचा पुरावा मागितला असेल तर मात्र सेक्रेटरीला आधी विचारून घ्या. सही द्यायची की नाही हे प्रत्येक समूह आपापलं ठरवतो.

संध्याकाळ

दुपारी पोटभर जेवा. पाच वाजता परत काहीतरी खा, निदान वडापाव-चहा. उपाशी पोटी तलफ दुप्पट लागते. कामावरून सुटल्यावर नेहमीच्या रस्त्याने जाऊ नका. ज्या कोपऱ्यावर बार आहे, जिथे मित्र उभे असतात, तो टाळून लांबचा रस्ता घ्या, नाहीतर सरळ रिक्षा करा. खिशात जाण्यायेण्यापुरतेच पैसे ठेवा. फोनवरचं पैसे पाठवायचं ॲप घरच्यांकडे देता आलं तर आणखी बरं.

मीटिंगच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. ही पंधरा मिनिटं सगळ्यात अवघड. गेटसमोरून माणूस दोनदा पुढे जातो, पानाच्या टपरीवर थांबतो, आत चाललेल्या लोकांकडे बघतो आणि ‘ही माणसं तर चांगली दिसतात, आपण चुकीच्या ठिकाणी आलो’ असं वाटून वळतो. ती चांगली दिसणारी माणसंच एएची. गेटवर वॉचमनला ‘एएची मीटिंग?’ एवढं विचारा. त्याने शेकडो लोकांना आत सोडलेलं असतं, तो फक्त हाताने जिना दाखवतो. काही ठिकाणी दारावर छोटी पाटी असते, वर्तुळात त्रिकोण. कुठे तीही नसते.

आत गेल्यावर दिसतं ते फार साधं असतं. लहान मुलांचे बाक किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर दोन कापडी फलक, एकावर बारा पायऱ्या (दारूपासून दूर राहायला सभासदाने एकेक करून करायच्या गोष्टी) आणि दुसऱ्यावर बारा परंपरा (समूह कसा चालवायचा याची तत्त्वं). पुढे टेबल, त्यावर पुस्तकं, पत्रकं आणि पैशांची छोटी पेटी. कोणीतरी चहाचा थर्मास ठेवत असतो. कोणी पुढे येऊन हात मिळवतो आणि ‘पहिलीच वेळ का?’ विचारतो. हो म्हणा. दाराजवळच्या खुर्चीत बसलात तरी चालेल, फक्त चपला घालून उठायच्या तयारीत बसू नका.

मीटिंग तास-दीड तास चालते. सुरुवातीला क्षणभर शांतता आणि एक छोटी प्रार्थना. मग एए म्हणजे काय ते वाचून दाखवतात, बऱ्याच ठिकाणी बारा पायऱ्याही वाचतात. त्यानंतर शेअरिंग: चेअर करणारा, म्हणजे त्या दिवशी मीटिंग चालवणारा, एकेकाला बोलावतो, तो ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ असं म्हणतो, सगळे त्याला नावाने नमस्कार करतात, आणि मग तो पाच-दहा मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. पिणं कसं होतं, काय झालं, आता कसं आहे. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. ही शिस्त सुरुवातीला कोरडी वाटते. पण आयुष्यभर सल्लेच ऐकलेल्या माणसाला, न टोकता ऐकून घेणाऱ्या वीस माणसांसमोर बसणं म्हणजे काय ते दोन-तीन मीटिंगांत कळतं.

तुमचं नाव घेतलं तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. कोणी आग्रह करणार नाही. बोलावंसं वाटलं तर पहिलं नाव पुरे. ‘अल्कोहोलिक’ हा शब्द घशाखाली उतरत नसेल तर तो म्हणायची सक्ती नाही.

मग पेटी फिरते. एए बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाही; खोलीचं भाडं, चहा आणि पत्रकं यांचा खर्च सभासदांच्या दहा-वीस रुपयांतूनच निघतो. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं.

प्यायलेल्या अवस्थेत गेलात तर? शांत बसलात तर सहसा बसू देतात, त्या दिवशी बोलू नका एवढंच सांगतात. गाडी चालवून मात्र जाऊ नका.

चहाच्या वेळी पळ काढू नका. मीटिंगइतकंच महत्त्व त्या दहा मिनिटांना आहे, कारण फोन नंबर तेव्हा मिळतात. चार-पाच जणांचे घ्या, कागदावर. त्याच रात्री झोपायच्या आधी त्यातल्या एकाला फोन करा, ‘घरी पोचलो, घेतली नाही’ एवढं सांगायला. पहिला फोन अशा साध्या कारणाने केला की तलफ आलेल्या रात्री दुसरा फोन करणं सोपं जातं.

‘मला काही पटलं नाही’

पहिल्या मीटिंगनंतर असं अनेकांना वाटतं. निदान सहा मीटिंगांना बसा आणि त्यात किमान तीन वेगवेगळे समूह असू देत. एखाद्या समूहात सगळे निवृत्त काका असतात, एखाद्यात तिशीतली पोरं. एखाद्या ठिकाणी एकच माणूस अर्धा तास बोलत राहतो आणि चेअर करणारा त्याला थांबवत नाही. तो त्या समूहाचा दोष आहे, एएचा नाही. तिथून उठून दुसरीकडे जा.

देवाचा प्रश्न बहुतेक वेळा येतो. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आपल्याला जसा उमगला तसा’ अशी जोड त्याला आहे. विठ्ठल मानणारा, बुद्धवंदना म्हणणारा, नमाज पढणारा आणि काहीच न मानणारा असे सगळे एकाच खोलीत बसतात. काही न मानणारे सरळ समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात, आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षं सुटून आहेत.

कोणी सभासद तुम्हाला मानसोपचाराच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल तर ऐकू नका. ‘गोळी खाणं म्हणजेसुद्धा नशाच’ असं म्हणणारे काही जण भेटतात. एएच्या स्वतःच्या साहित्यात स्पष्ट आहे, की सभासदांनी डॉक्टर बनू नये. कोणी पैसे उसने मागितले, विमा किंवा स्कीम विकायला लागला, तर नाही म्हणा आणि सेक्रेटरीच्या कानावर घाला.

पहिले नव्वद दिवस

एएमध्ये जुना रिवाज आहे: नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा. मोठ्या शहरात हे जमतं, कारण समूहांचे वार वेगवेगळे असतात. आठवड्याचा कागद बनवा: सोमवार हा समूह, मंगळवार तो. जिथे आठवड्यातून एकच मीटिंग आहे तिथे बाकीचे दिवस ऑनलाइन मीटिंगने भरा. लॉकडाऊनपासून झूमवरच्या मराठी मीटिंगा रुळल्या आहेत, लिंक स्थानिक सभासदांकडून मिळते. आत जाण्याआधी नाव बदलून फक्त पहिलं नाव ठेवा. फोनवर पूर्ण नाव आणि आडनाव आपोआप दिसतं, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. एका खोलीच्या घरात कानात इयरफोन लावून ऐकायचं, बोलायची वेळ आली की गच्चीवर किंवा जिन्यात. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील होण्याआधी विचार करा, कारण तिथे तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो.

महिन्याभरात एक स्पॉन्सर धरा. स्पॉन्सर म्हणजे काही काळ सुटलेला, पायऱ्या केलेला सभासद, जो तुम्हाला त्या करायला मदत करतो. पुरुषाने पुरुष, बाईने बाई धरावी. गोड बोलणारा बघू नका. ज्याचं घर, कामधंदा आणि बोलणं यांचा मेळ बसतो आणि जो फोन उचलतो, तो धरा. नाही जमलं तर बदलता येतो, त्यात राग नाही.

आणि काम मागा. खुर्च्या लावणं, चहा आणणं, किल्ली सांभाळणं. किल्ली ज्याच्याकडे असते त्याला मीटिंग चुकवता येत नाही.

घसरण्याचे दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा: गटारी, धुळवड, विसर्जन, एकतीस डिसेंबर, घरातली हळद, पगाराचा दिवस, आणि निवडणुकीच्या आधीची ती आठ-दहा रात्रींची फुकटची सोय. त्या दिवशी मीटिंग आहे का ते आठवडाभर आधी बघा. हळदीला जावंच लागलं तर जेवून जा, उजेड असेपर्यंत थांबा, परतीची सोय स्वतःची ठेवा आणि ‘ॲसिडिटी आहे, गोळ्या चालू आहेत’ हे उत्तर तयार ठेवा. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींपैकी दोन एकदम आल्या की फोन करायची वेळ झाली समजा.

बायकांसाठी, परदेशातल्यांसाठी, खेड्यातल्यांसाठी

पिणाऱ्या बाईला मीटिंगला पोचणं पुरुषापेक्षा कितीतरी अवघड जातं. खोलीत वीस पुरुष आणि ती एकटी, अशी वेळ येते. फोन करताना महिला सभासदाचा नंबर मागा आणि तिच्याबरोबरच पहिल्या मीटिंगला जा. फक्त बायकांच्या ऑनलाइन मीटिंगाही असतात. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. ‘मदत करतो’ म्हणत एकांतात भेटायला बोलावणाऱ्या पुरुष सभासदाला ठाम नकार द्या. असं वागणं कुठल्याही समूहात चालवून घेऊ नये.

दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत असाल तर जवळच्या इंग्रजी मीटिंगला जाच, पण मनातलं मराठीत बोलायला महाराष्ट्रातल्या ऑनलाइन मीटिंगची वेळ गाठा. अमेरिका-कॅनडात एएचं मीटिंग गाइड हे ॲप जवळच्या मीटिंगा वेळेसकट दाखवतं.

खेड्यात, जिथे समूहच नाही, तिथे आधी तालुक्याचं गाव बघा. बाजाराच्या दिवशी मीटिंग ठेवणारे समूह त्यासाठी सोयीचे. बाजारला गेलो, एवढंच गावाला कळतं. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाची तालुका क्लिनिकं आहेत, तिथून सुरुवात होऊ शकते. आणि काहीच नसेल तर दोन माणसंही पुरतात: दारू सोडण्यासाठी एकत्र आलेले दोघे-तिघे स्वतःला एए समूह म्हणवू शकतात, हे परंपरांमध्येच आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, समाज मंदिराची किंवा शाळेची एक खोली आणि मुंबईच्या कार्यालयातून मागवलेली मराठी पत्रकं. पहिले दोन-तीन महिने खोलीत एकटंच बसावं लागेल अशा संध्याकाळी येतात. तरी खोली उघडा, कारण एखादा तिसरा माणूस आठवडाभर धीर गोळा करून आलेला असतो.

घरच्यांनी काय करावं

‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पावडर भाजीत किंवा चहात घालू नका. त्यात काय आहे ते माहीत नसतं. डायसल्फिराम ही खरी गोळीसुद्धा नकळत दिली आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब एकदम कोसळून मृत्यू येऊ शकतो. ही गोळी घेणाऱ्याच्या संमतीनेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असते, आणि शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत दारू घेतली तर त्रास होऊ शकतो.

तो मीटिंगला जाईल तेव्हा जाईल, तुम्ही आजच अल-ॲनॉनला जा. त्यासाठी त्याने सोडायला तयार असावं लागत नाही. पुण्यात मुक्तांगणचा सहचरी हा पत्नींचा गट आहे. तिथे शिकायला मिळतं ते रोजच्या कामाचं असतं: त्याच्या वतीने साहेबाला ‘ताप आलाय’ असा फोन करणं बंद कसं करायचं, उधारी कोणी फेडायची, हात उगारला तर मुलांना घेऊन कुठे जायचं. मारहाण होत असेल तर मीटिंगची वाट बघू नका, ११२ला फोन करा.

उचलून नेऊन डांबून ठेवणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूशी जोडलेले मानसिक त्रासही येतात. केंद्राची नोंदणी बघा, डॉक्टर कधी येतात ते विचारा, आतली खोली पाहू देतात का ते बघा. जिथे मारतात, तिथून सुटून आलेला माणूस पुढे खऱ्या मदतीलाही घाबरतो.

पुन्हा घेतली तर

होतं. याला मीटिंगमध्ये स्लिप म्हणतात. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी नेमकी लाज वाटते, आणि तीच लाज माणसाला महिनोन्महिने लांब ठेवते. एका संध्याकाळची स्लिप असेल तर पुढच्याच मीटिंगला जाऊन ‘काल घेतली’ एवढं सांगा; खोलीतले अर्धे लोक कधी ना कधी हेच वाक्य बोललेले असतात. सलग काही दिवस पिणं झालं असेल तर आधी डॉक्टर, वर सांगितलेल्या फिटच्या धोक्यामुळे, आणि मग मीटिंग. स्पॉन्सरला फोन करायची हिंमत होत नसेल तर मेसेज पाठवा: ‘घेतली. आज येतोय.’ बहुतेक वेळा उत्तरात फक्त वेळ येते, सात वाजता.